नुसतं बोलणारी पात्रं गेममध्ये टिकतील का?

गल्ली नं. ७

परवा रात्री अमेरिकी दिग्दर्शक केविन स्मिथचा ‘क्लर्क्स’ हा सिनेमा पुन्हा लावला. कितव्यांदा ते मोजायचं मी सोडून दिलंय. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. न्यू जर्सीतलं लिओनार्डो नावाचं गाव, तिथलं क्विक स्टॉप हे दुकान. डँटेला सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावलंय. शेजारच्या व्हिडिओच्या दुकानात त्याचा मित्र रँडल बसतो आणि बाहेर भिंतीला टेकून जे नावाचा बडबड्या आणि त्याचा गप्प जोडीदार सायलेंट बॉब उभे असतात. दिवसभरात घडतं ते एवढंच, की ही मंडळी बोलतात. स्मिथ स्वतः त्याच दुकानात नोकरीला होता. दिवसा दुकान चालू, म्हणून शूटिंग रात्री. बाहेरची रात्र दिसू नये म्हणून शटर बंद. आणि शटर बंद का, तर कुलपात कुणीतरी च्युइंगम कोंबलंय, असं कारण पटकथेतच घालून टाकलं! २७,५७५ डॉलरमध्ये कृष्णधवल सिनेमा केला आणि १९९४ मध्ये तो सनडान्स महोत्सवात गेला.

सिनेमा संपल्यावर २०२० साली आलेला ‘जे अँड सायलेंट बॉब: मॉल ब्रॉल’ हा गेम काढून बसलो. जुन्या एट-बिट गेमांसारखा आहे. मॉलमध्ये समोर येईल त्याला बुकलत पुढं जायचं. मजा येते, नाही असं नाही. पण तासाभरानं मीच थांबलो. ज्या जेचं तोंड दिवसभर मिटत नाही, त्याच्या हातांना काम दिलंय आणि तोंड बंद करून टाकलंय. मग तो जे उरला कुठे? टोपी तेवढी त्याची.

म्हणून मनापासून विचारतोय. ज्या विनोदी पात्रांचा सगळा जीव बोलण्यात आहे, त्यांना गेममध्ये आणता येईल का? कटसीनमध्ये, म्हणजे खेळ थांबवून दाखवतात त्या सिनेमासारख्या तुकड्यात, बोलतील आणि बाकी वेळ मारामारी करतील, असं नको. बोलणं हाच खेळ झाला पाहिजे. तुमचे अनुभव सांगा.

बटाटेवडा

गेममध्ये कुणी बोलायला लागलं की मी बटण दाबून पुढं पळवतो. माझ्यासारखे पुष्कळ आहेत. माझं उत्तर: नाही.

गल्ली नं. ७

@बटाटेवडा, का पळवता ते सांगाल का? बोलणं कंटाळवाणं असतं म्हणून, की त्या वेळी तुमच्या हाताला काही काम नसतं म्हणून?

बटाटेवडा

हाताला काम नसतं म्हणून. आता तुम्ही विचारलंत तेव्हा लक्षात आलं.

जुनी फ्लॉपी

या प्रश्नाचं अर्धं उत्तर १९९० मध्येच दिलं गेलंय. ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’. रॉन गिल्बर्ट, टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन यांचा गेम. आमच्याकडे तो चुलतभावाच्या ऑफिसातून फ्लॉप्यांवर आला होता. एक फ्लॉपी खराब निघाली की पुढच्या शनिवारपर्यंत वाट बघायची.

त्यात तलवारबाजी आहे, पण तलवार नावालाच. खरी लढाई शिव्यांची. समोरचा तुम्हाला टोमणा मारतो आणि तुमच्याकडं त्याला चपखल बसणारं उत्तर असेल तर तुम्ही पुढं सरकता. नसेल तर मागं. उत्तरं शिकायची कशी? हरून! रस्त्यात भेटेल त्या चाच्याशी भांडायचं, त्याचा टोमणा ऐकायचा, तो दुसऱ्याला मारून बघायचा आणि दुसरा काय उत्तर देतो ते लक्षात ठेवायचं. मी शाळेच्या रफ वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखले होते, डावीकडं टोमणे आणि उजवीकडं उत्तरं.

आणि खरी गंमत शेवटी. तलवारबाजीतली जी सगळ्यात मोठी गुरू आहे, ती तुम्ही कधीच न ऐकलेले टोमणे मारते. पाठांतर फुकट. उत्तरं मात्र तीच, जी तुमच्या वहीत आहेत. कुठलं जुनं उत्तर या नव्या टोमण्याला बसेल, हे तुमचं तुम्ही ओळखायचं. ते बसलं की जो आनंद होतो तो दहा बॉस, म्हणजे गेममधले तगडे शत्रू, मारून होत नाही. कारण त्या क्षणी तो विनोद तुम्ही केलेला असतो. लेखकानं लिहिलाय हे माहीत असूनही.

बाळू फडकरी

@जुनी फ्लॉपी, वाचून अंगावर काटा आला, कारण हे आपल्याकडं तमाशाच्या फडात चालत आलंय. सवाल-जवाब. एक बाजू कोडं घालते, दुसरीनं ते सोडवायचं आणि उलट कोडं घालायचं. कलगीवाले शक्तीच्या बाजूचे, तुरेवाले शिवाच्या, आणि दोघांची रात्र रात्र जुगलबंदी. नियम आहेत, पाळी आहे, हारजीत आहे, बघणाऱ्यांची दाद आहे. यापेक्षा गेम वेगळा काय असतो?

माझे आजोबा फडावर ढोलकीला होते. ते सांगायचे, जवाब यायला किती वेळ लागतो त्यावर ढोलकी वाजवायची. जवाब लगेच आला तर ठेका चढवायचा. समोरचा अडकला तर एकाच बोलावर घोळवत ठेवायचं, त्याला वेळही द्यायचा आणि त्याची घालमेलही वाढवायची. पब्लिकला त्या घोळवण्यातच हसू यायला लागायचं. कुणी एखादा शब्द बोलायच्या आधी.

जुनी फ्लॉपी

बाळूभाऊ, ही ढोलकी गेममध्ये आलीच पाहिजे! तुम्ही उत्तर निवडेपर्यंत संगीत घोळत राहतंय... वा. १९९७ च्या तिसऱ्या मंकी आयलंडमध्ये समुद्रावरच्या लढाईत उत्तराचं यमक जुळायला लागतं. म्हणजे तेही सवाल-जवाबाच्या जवळ आले होते.

राधानगरीचा राजा

एवढं डोकं कशाला लावताय? ‘झपाटलेला’ घ्या. तात्या विंचू, मृत्युंजय मंत्र, पळापळ, सगळं तयार हाय. पाच लेव्हल झाल्याच समजा.

खिडकीतली मांजर

राजे, तात्या विंचू चालेलच, कारण तो काहीतरी *करतो*. धाग्याचा प्रश्न जे काहीच करत नाहीत त्यांचा आहे 😀

स्टुडिओतला एक

मी पुण्यात गेम बनवणाऱ्या कंपनीत काम करतो, संवादांच्या बाजूला. आतली गोष्ट सांगतो.

सिनेमात एक वाक्य एकदा ऐकू येतं. गेममध्ये तेच वाक्य चाळीसदा येऊ शकतं. पात्र उडी मारताना, मार खाताना, दरवाजा बंद निघाल्यावर जे एकेक वाक्य टाकतं, त्याला आम्ही बार्क म्हणतो. पहिल्यांदा हसू येतं. तिसऱ्यांदा कान सवयीचे होतात. दहाव्यांदा माणूस आवाज बंद करतो. विनोद सगळ्यात आधी मरतो, कारण गंभीर वाक्य परत ऐकलं तरी चालून जातं, विनोद परत ऐकला की शिळा लागतो.

आमच्या एक्सेल शीटमध्ये प्रत्येक वाक्याला एक ओळ असते. वाक्याचा क्रमांक, पात्र, कुठली अट पूर्ण झाल्यावर बोलायचं, त्याआधी काय बोलून झालेलं असायला हवं, किती सेकंद थांबायचं. सगळ्यात उजवीकडं एक रकाना आहे, ‘एकदाच’. त्यात टिक केली की ते वाक्य अख्ख्या गेममध्ये एकदाच येतं. लेखकाला वाटतं सगळीकडं टिक करावी. पण रेकॉर्डिंगचा खर्च मोजणाऱ्याला वाटतं एकही करू नये, कारण एकदाच ऐकू येणाऱ्या वाक्यासाठी नट बोलवायचा, स्टुडिओ भाड्यानं घ्यायचा. मी पूर्वी एका ठिकाणी होतो, तिथं माझ्या टिका मला न विचारता काढून टाकल्या होत्या. पात्र दर वळणावर तोच विनोद करत होतं. खेळणाऱ्यांनी लिहिलं, ‘हा माणूस डोक्यात जातो.’ तो माणूस चांगला होता हो. त्याला तेच तेच बोलायला लावलं म्हणून तो डोक्यात गेला. अजून वाईट वाटतं.

हे सुटू शकतं, ते २०२० च्या ‘हेडीझ’ या गेमनं दाखवलंय. वीस हजारांहून जास्त वाक्यं. तुम्ही मरून परत आलात की मागच्या वेळी काय झालं ते लक्षात ठेवून लोक तुमच्याशी बोलतात. तिथं लोक मरायला तयार असतात, परत गेल्यावर कोण काय बोलेल ते ऐकायला. @बटाटेवडा, तुम्ही तोही पळवलात का?

बटाटेवडा

नाही. तो नाही पळवला. 

एडिसनकर

मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. लिओनार्डो आमच्याकडून फार लांब नाही, त्यामुळे माझेही दोन शब्द.

मुलाच्या हट्टामुळे तिथं गेले. सिनेमा मी तोवर पाहिला नव्हता. क्विक स्टॉप अजून चालू दुकान आहे. मी दूध घेतलं आणि बिल करायला उभी राहिले. माझ्या पुढे एक आजोबा लॉटरीचं तिकीट घेत होते आणि काउंटरवरच्या मुलाला गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल सांगत होते. मुलगा हो हो करत होता. त्याला कुठे जाता येणार? काउंटरच्या आत तोच एकटा. आजोबा दारापर्यंत गेले, परत आले आणि दुसऱ्या गुडघ्याबद्दल सांगायला लागले. माझा मुलगा बाहेर भिंतीपाशी फोटो काढत होता आणि मला वाटलं, सिनेमा तर इथं आत चाललाय.

घरी आल्यावर ‘क्लर्क्स’ पाहिला आणि कळलं, की या माणसानं संवाद घरी बसून रचलेले नाहीत, ते काउंटरवर ऐकलेले आहेत. गिऱ्हाईक हवं तेव्हा जाऊ शकतं, दुकानदार जाऊ शकत नाही. तिथून सगळा विनोद येतो. त्यामुळे गेम करायचाच तर मॉल नको, मारामारी नको. काउंटर हवा. जवळच्या रेड बँक गावात स्मिथचं कॉमिक्सचं दुकान आहे, सीक्रेट स्टॅश, तिथंही गेलो. तिथं माझा मुलगा आणि विकणारा माणूस यांचं अर्धा तास बोलणं झालं आणि मी गाडीत जाऊन बसले. म्हणजे तिथंही काउंटरच!

गल्लेवाला

एडिसनकर ताई, तुम्ही माझ्या मनातलं लिहिलंत. आमचं सांगलीकडं किराणा दुकान होतं. कॉलेज संपेपर्यंत संध्याकाळी गल्ल्यावर मीच.

एक काकू रोज सात वाजता यायच्या. पाव किलो साखर. कधी अर्धा किलो नाही. मी एकदा म्हटलं, काकू, एकदम दोन किलो न्या, स्वस्त पडेल. त्या म्हणाल्या, ‘मग रोज यायला काय कारण?’ त्या बोलायला यायच्या. सुनेबद्दल, पाण्याबद्दल, समोरच्यांच्या कुत्र्याबद्दल. मागं उधारीवाला उभा असायचा, त्याला वाटायचं काकूंसमोर वही उघडू नये. त्याच्या मागं एक पोरगं पाच रुपये घेऊन. सुटे नाहीत म्हणून त्याला मी एक चॉकलेट जास्त द्यायचो, तर ते म्हणायचं, ‘आई म्हणाली चॉकलेट नको, पैसे आण.’ माझ्या हातात तागडी, एका कानात काकू, डोळे उधारीवाल्यावर. कुणाला आधी वाटेला लावायचं? काकूंना तोडलं तर त्या दुखावणार. उधारीवाल्याला थांबवलं तर तो तसाच निघून जाणार, मग पैसे गेलेच. हा गेम मी सहा वर्षं खेळलोय.

आणि असे गेम आहेत. लुकास पोपचा २०१३ चा ‘पेपर्स, प्लीज’. खिडकीत बसून लोकांची कागदपत्रं तपासायची. २०२० चा ‘कॉफी टॉक’ इंडोनेशियातल्या स्टुडिओचा आहे, त्यात कॉफी करून द्यायची आणि ऐकायचं. ‘व्हीए-११ हॉल-ए’ व्हेनेझुएलातल्या लोकांचा, त्यात दारू. कुणाला कुठली दारू दिली त्यावर तो पुढं काय बोलेल ते ठरतं. म्हणजे हाताला काम आहे आणि त्या कामातून बोलणं फुटतं. बटाटेवडाभाऊंचा प्रश्न इथं सुटला की नाही?

खिडकीतली मांजर

गल्लेवाला, साखरेच्या काकू फार आवडल्या. पण एक मतभेद नोंदवते. ‘पेपर्स, प्लीज’ हा ताणाचा खेळ आहे, चूक झाली की दंड. ‘कॉफी टॉक’ शांत आहे, उदास आहे. तुम्ही दिलेल्यांत धो धो हसवणारा एकही नाही. विनोदाला टायमिंग लागतं आणि गेममध्ये टायमिंग खेळणाऱ्याच्या हातात असतं. अशोक सराफांना जर प्रत्येक वाक्याआधी कुणीतरी बटण दाबेपर्यंत थांबावं लागलं असतं तर?

स्टुडिओतला एक

@खिडकीतली मांजर, मुद्दा रास्त आहे, पण एक उदाहरण देतो. ‘पोर्टल २’, २०११. त्यात व्हीटली नावाचा एक बडबड्या यांत्रिक गोळा आहे, आवाज स्टीफन मर्चंटचा. सुरुवातीलाच तो तुम्हाला विचारतो, तुझा मेंदू शाबूत आहे ना, ‘अॅपल’ म्हणून दाखव. पडद्यावर सूचना येते, बोलण्यासाठी हे बटण दाबा. तुम्ही दाबता. आणि तुमचं पात्र बोलत नाही, उडी मारतं! व्हीटली समजूत घालतो, की हे उडी मारणं झालं, बोल. तुम्ही परत दाबता, परत उडी.

इथं टायमिंग खेळणाऱ्याच्या हातात आहे म्हणूनच विनोद होतो. तुमचं बोट त्या विनोदातलं एक पात्र आहे. हा विनोद सिनेमात होऊच शकत नाही.

खिडकीतली मांजर

हे मान्य. पूर्ण मान्य.

राधानगरीचा राजा

अशोक मामांचं नाव निघालंच हाय तर ‘अशी ही बनवाबनवी’चा गेम झालाच पाहिजे. धनंजय माने इथंच राहतात का, हा पहिला प्रश्न, आणि तुम्ही काय उत्तर देता त्यावर गेम चालू.

चौथ्या मजल्यावरची

राजे, या वेळी तुम्ही सोनं बोललात. विचार करा: लीलाबाई काळभोरांचं घर. फक्त जोडप्यांना जागा. परशुरामची पार्वती झालीय, सुधीरची सुधा. प्रत्येक माणसाला काय थाप मारली ते तुम्ही लक्षात ठेवायचं. दुधवाल्याला एक, मालकिणीला दुसरी. दोघं एकाच वेळी दारात आले की? हा लपाछपीचाच गेम आहे, फक्त लपायचं शब्दांमागं. आणि थाप जितकी मोठी तितके गुण जास्त, पण तितकं पुढं निस्तरायलाही जास्त.

बटाटेवडा

सत्तर रुपये वारले, हे बॉसला मारायचं शस्त्र.

चौथ्या मजल्यावरची

आणि ते ‘एकदाच’ रकान्यातलं!

बाळू फडकरी

विषयांतराबद्दल माफी, पण विषयांतर नाहीच. १९८८ च्या ‘बनवाबनवी’चे संवाद वसंत सबनीसांचे. सबनीस म्हणजे ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिणारे. त्या लोकनाट्यात दादा कोंडके त्या त्या दिवशीच्या घडामोडींवर, त्या त्या गावावर ऐनवेळी बोलायचे. लिहिलेला सांगाडा पक्का आणि मधली जागा मोकळी. बतावणी अशीच असते. हेडीझबद्दल वर जे लिहिलंय, की मागच्या वेळी काय झालं ते लक्षात ठेवून बोलतात, ते त्या रक्ताचं वाटलं. प्रेक्षकाला कळतं, की हे वाक्य आज, माझ्यासाठी आलंय.

नवा प्रोसेसर

मग सोपं आहे. आता एआय आहे. पात्राला स्वभाव सांगून ठेवा, खेळणारा काहीही बोलू दे, ते ऐनवेळी उत्तर देईल. रेकॉर्डिंगचा खर्च नाही, बार्क नाही, शिळेपणा नाही.

बाळू फडकरी

प्रोसेसरभाऊ, दादा कोंडके ऐनवेळी बोलायचे त्यामागं सेवादलाची कलापथकं होती, बँड होता, लोकांत घालवलेली वर्षं होती. ऐनवेळी काहीही येत नाही, साठवलेलं येतं.

जुनी फ्लॉपी

@नवा प्रोसेसर, मोकळं बोलू देण्याचा प्रयोग २००५ मध्ये झालाय, ‘फसाड’. मायकेल मॅटियस आणि अँड्र्यू स्टर्न यांचा. तुम्ही एका जोडप्याच्या घरी जाता, त्यांचं भांडण पेटतं आणि तुम्ही कीबोर्डवर काहीही टाईप करू शकता. लोकांनी काय केलं? बहुतेकांनी त्या दोघांना त्रास देऊन पाहिला. हसूही आलं, पण ते गेमच्या गोंधळण्याचं हसू होतं. रँडलचा विनोद तसा नाही. रँडल फार विचार करून बोलतो. ‘स्टार वॉर्स’मधलं डेथ स्टार हे अवकाशस्थानक बांधायला गेलेल्या कंत्राटी कामगारांचं काय झालं, हा वाद आठवा. तो विनोद आहेच, पण त्यात नोकरी करणाऱ्या माणसाची खरी कळकळ आहे. असं कुणीतरी बसून लिहावं लागतं. स्मिथनं रँडल स्वतःसाठी लिहिला होता, म्हणून सगळी चांगली वाक्यं त्याच्या वाट्याला.

आठवीच्या मुलाची आई

मी वेगळा मुद्दा मांडते. माझा मुलगा हे सगळे गेम खेळतो, मी शेजारी बसून बघते. तुम्ही सगळे ज्या बोलण्याचं कौतुक करताय त्यातलं किती मुलासमोर ऐकता येईल? ‘क्लर्क्स’ला अमेरिकेत आधी एनसी-१७ दिलं होतं, म्हणजे केवळ मोठ्यांसाठी. मारामारीमुळे नाही, नग्नतेमुळे नाही, फक्त बोलण्यामुळे! नंतर दाद मागून ते खाली आणलं. आणि जेच्या तोंडी बायकांबद्दल जे येतं त्यावर मला आज हसू येत नाही. सिनेमात मी ते एकदा ऐकते आणि पुढं जाते. गेममध्ये ते वाक्य मी स्वतः निवडायचं? बटण माझं?

गल्ली नं. ७

ताई, हा प्रश्न मला सुचला नव्हता आणि तो महत्त्वाचा आहे. सिनेमात जे बोलतो तेव्हा आपण त्याच्याकडं बघत असतो. गेममध्ये आपणच ‘जे’ होतो. त्याचं बोलणं आपल्या तोंडी येतं. मंकी आयलंडच्या टोमण्यांत समोरच्याला मारायचंय, ते चालून जातं. पण रस्त्यानं जाणाऱ्या बाईवर शेरा मारायचं बटण मला नको. मी दाबणार नाही.

स्मिथलाही हे पुढं जाणवलं असावं असं मला वाटतं. १९९७ च्या ‘चेसिंग एमी’ या त्याच्या सिनेमात पुरुषांचं हेच बोलणं त्यानं उलटं धरून तपासलंय.

आठवीच्या मुलाची आई

धन्यवाद. तुम्ही ‘दाबणार नाही’ म्हणालात, तोही एक पर्याय गेममध्ये असायला हवा. बहुतेक ठिकाणी तीन वाक्यं देतात आणि एक निवडावंच लागतं.

स्टुडिओतला एक

आहे असा गेम. २०१६ चा ‘ऑक्सनफ्री’. चालता चालता बोलणं चालू असतं आणि तुमच्या डोक्यावर पर्यायांचे फुगे येतात. लगेच निवडलं तर समोरच्याचं वाक्य मध्येच तुटतं. उशीर केला तर फुगे विरून जातात आणि तुम्ही गप्प राहिलात असं धरलं जातं. समोरचे ते गप्प राहणं मनावरही घेतात.

बाळूभाऊंच्या आजोबांची ढोलकी मला आता इथं ऐकू येतेय.

वाचनमात्र

नमस्कार. चार वर्षं इथं फक्त वाचतेय, हा माझा पहिलाच प्रतिसाद. चुकलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे जे आणि रँडलबद्दल बोलताय. मला राहून राहून वाटतंय, गेम सायलेंट बॉबचा आहे.

बॉब सिनेमाभर बोलत नाही आणि बहुतेक सिनेमांत एकदाच तोंड उघडतो. ‘क्लर्क्स’मध्ये तो डँटेला त्याच्या मैत्रिणीबद्दल जे एक वाक्य सांगतो, त्यानं डँटेचे डोळे उघडतात. ‘चेसिंग एमी’त तर मोठी गोष्टच सांगतो. गेममधले नायक तसेही मुके असतात, ‘हाफ-लाइफ’चा गॉर्डन फ्रीमन, ‘पोर्टल’ची चेल. पण ते मुके का, याचं कारण कुणी देत नाही. बॉबकडं कारण आहे. शेजारी जे आहे!

तर गेम असा. तुम्ही बॉब. क्विक स्टॉपच्या बाहेर भिंतीला टेकून उभे. जे अखंड बोलतोय. तुमच्याकडं भुवया आहेत, खांदे आहेत, मान आहे. भुवई उंचावली की जे अडखळतो, मान हलवली की त्याला जोर चढतो, नजर वळवली की तो विषय बदलतो. आठवीच्या मुलाच्या आई, जे कुणाला वाईट बोलला तर तुम्ही त्याच्याकडं नुसतं बघायचं. तो ओशाळतो. गल्लेवाला म्हणतात तशी दिवसभर गिऱ्हाईकं येत राहतात, आत डँटेचं भांडण काचेतून अर्धंमुर्धं ऐकू येतं. आणि तुमच्याकडं एक बटण आहे, बोलण्याचं. अख्ख्या गेममध्ये ते एकदाच चालतं.

कुणापाशी बोलायचं? डँटेपाशी? जेपाशी? त्या साखर न्यायला येणाऱ्या काकूंपाशी? चुकीच्या वेळी दाबलं तर वाया जाईल. पण वाट बघत राहिलात तर दुकान बंद होईल.

माझे वडील असे होते. आम्ही सगळे जेवताना गोंगाट करायचो आणि ते फक्त वाढून घ्यायचे. मी नोकरी सोडून परत शिकायचं ठरवलं तेव्हा घरात दोन दिवस वाद चालला. तिसऱ्या दिवशी आमटी वाटीत ओतून घेता घेता ते म्हणाले, ‘फी किती आहे?’ वाद तिथंच संपला. तेवढंच बोलले होते ते, त्या आठवड्यात.

गल्ली नं. ७

तुम्ही चार वर्षं का गप्प होतात हो!

राधानगरीचा राजा

ताई, तात्या विंचू मागं घेतो. हे लई भारी हाय.

एडिसनकर

माझ्या मुलाला हा प्रतिसाद इंग्रजीत वाचून दाखवला. आमटीपाशी तो खेळायचा थांबला.

नवा प्रोसेसर

मानलं. यात जेची वाक्यं मात्र भरपूर लागतील. भुवईच्या प्रत्येक हालचालीला वेगळं.

बाळू फडकरी

आणि ती बाळू लिहील, बोलवा मला.

स्टुडिओतला एक

काल रात्री झोप आली नाही, शीट उघडून बसलो. नावं बदललीत अर्थात, स्मिथची पात्रं आपली नाहीत. दुकान सांगलीचं केलंय, गल्लेवाले रागावणार नाहीत ही आशा. बडबड्याच्या एकशे चौदा ओळी झाल्या. गप्प राहणाऱ्याची एकच ओळ आहे, उजवीकडं टिक केलेली. पण वाक्याचा रकाना रिकामा आहे, कारण ते वाक्य कुणापाशी बोललं जाणार हे मला आधी माहीत नाही. काकूंसाठी वेगळं लागेल, उधारीवाल्यासाठी वेगळं, पाच रुपयेवाल्या पोरासाठी वेगळं.

गल्लेवाले, तुम्ही सांगा. त्या सहा वर्षांत काकूंना एकच वाक्य बोलायचं असतं, तर काय म्हणाला असतात?

गल्लेवाला

विचार करून सांगतो. उद्या सात वाजता.